बुडबुडा कोणाचा

आमच्या धाकट्या भाऊजींइतका वैताग देणारा माणूस अख्ख्या अकोल्यात दुसरा नाही, हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे. माझं माहेर अमरावतीचं. तिथं असा एखादा असलाच, तर त्याच्या वहिनीला माझा नमस्कार सांगावा आणि म्हणावं, बाई, तुझा जीव किती जळत असेल ते मला कळतं. भाऊजी म्हणजे माझे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि वरात दाराशी आली त्या वेळी गुडघाभर नाल्यात उभे राहून टोपलीनं मासोळ्या धरत होते. आज ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. नाल्याचा तलाव झाला, टोपलीची ट्यूब झाली, एवढीच या माणसाची प्रगती. पुढं माझी जाऊ गेली, त्याआधी आमचे हे गेले, आणि भाऊजींवर ओरडायचं सगळं काम माझ्या एकटीच्या अंगावर आलं.

ट्यूब म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची, काळी, फुगवल्यावर आमच्या न्हाणीच्या दारातून आत न जाणारी. तिच्या मधल्या भोकावर आडवी-उभी नवार विणायची, तिच्यावर बसायचं, पाय खाली पाण्यात सोडायचे आणि दोन्ही हातांत स्लिपरा घालून बदकासारखं पाणी मागं लोटत जायचं. असा हा साठी उलटलेला माणूस हातात गरी, म्हणजे गळ, घेऊन बार्शीटाकळीच्या रस्त्यावरच्या तलावात मागूर धरत फिरतो. नवार कुठून आली? माझ्या खाटेची. स्लिपरा कोणाच्या? एक माझी आणि एक त्यांच्या सुनेची, दोन्ही डाव्या पायाच्या. मी विचारलं, "भाऊजी, निदान जोडी तरी एकाच बाईची न्यायची." तर म्हणाले, "वयनी, तिथं मासोळी चप्पल पाहाले येत नाई." आणि गेले. पुढचा सगळा आठवडा मी आणि सून उजव्या पायाच्या दोन स्लिपरांवर अंगणात नाचत होतो.

मागूर हा मासा मी जवळून पाहावा अशी माझी कधीच इच्छा नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात मासोळी शिजत नाही. भाऊजी अंगणात तीन विटा मांडून स्वतः रस्सा करतात, दोन तुकडे स्वतः खातात आणि बाकी गल्लीत वाटतात. पण मागूर राहतो गाळात, म्हणून आणल्यावर दोन-तीन दिवस त्याला स्वच्छ पाण्यात ठेवावं लागतं, म्हणजे मातीचा वास सुटतो. हे स्वच्छ पाणी म्हणजे आमचा हौद. अकोल्यात नळ किती दिवसांनी येतो ते अकोलेकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. नळाची वाट पाहून, मोटार लावून, एकेक गुंड भरून साठवलेल्या त्या हौदात हे दोन काळेकुट्ट मागूर सोडतात आणि वर मलाच सांगतात, "झाकण ठेवजा, वयनी. तो चालते." मासा चालतो, यावर कोण विश्वास ठेवेल? मी नाही ठेवला. एका दुपारी पावसाच्या झडीत मी तुळशीपाशी गेले तर वृंदावनाच्या पायाशी एक मागूर, कोपरावर सरकल्यासारखा, शांतपणे निघालेला. चपटं डोकं, दोन्हीकडं लांब मिशा. त्या मिशा हुबेहूब आमच्या मामंजींच्या. आता सांगायला लाज वाटते, पण माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला. मी पदर सावरून बाजूला झाले आणि तो मागूर मामंजींसारखाच माझ्याकडं न पाहता पुढं गेला.

आणि तो श्रीखंडाचा डबा. पुतण्याची, म्हणजे भाऊजींच्या मुलाची, सासू अचलपूरहून आली होती. बाई मोठी नीटनेटकी, बोलणं तोलून मापून. उन्हातून आल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, काही करत बसू नका. सुनेनं फ्रिज उघडला तर पुढंच डबा. विहिणबाई म्हणाल्या, "हेच द्या की चमचाभर." झाकण निघालं आणि आतून ओल्या काळ्या मातीत पन्नासेक गांडुळं वर तोंड करून पाहायला लागली. विहिणबाई ओरडल्या नाहीत, संस्कार आडवे आले. फक्त चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला साखर कमीच सांगितली आहे." भाऊजी मात्र दारातून म्हणतात, "झाकण लावा ना लवकर, गरम हवेनं मरतीन ते." त्यानंतर विहिणबाई आमच्याकडं आल्या की घरून शिदोरी आणतात.

पण भाऊजींचं खरं शास्त्र बुडबुड्याचं. ते मात्र मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावर आहे. भाऊजींनी पन्नासेक वर्षं पंक्चरचं दुकान चालवलं, आमच्या घराच्या पुढच्या पडवीतच. पत्र्याचं अर्धं कापलेलं पिंप, त्यात पाणी, आणि त्या पाण्यावर वाकलेले भाऊजी. ट्यूब हातानं दाबत दाबत पाण्यात फिरवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेलं चालत नसे, फौजदार असला तरी. मी नवी नवरी असताना त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तेव्हा पोरसवदा भाऊजींनी मला पिंपाशी उभं करून शिकवलं होतं. "वयनी, नीट पाहा. ट्यूबचा बुडबुडा मन्याच्या माळेसारखा येते. बारीक बारीक, एकामागं एक, एकाच जागून. जनावराचा बुडबुडा एकच येते, मोठा. तो वर येते, हवा घोटते, बुडबुडा सोडते अन् चूप. दुसरा बुडबुडा मंग दुसरीकडं." ट्यूबमध्ये जनावर कुठून आलं, असं मी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात दुकान आणि तलाव तेव्हापासून एकच होतं. माणसंसुद्धा त्याच हिशोबात. फार बोलणाऱ्याचा वॉल, म्हणजे हवा अडवणारा व्हॉल्व्ह, ढिला, रुसून बसणाऱ्याची हवा कमी, आणि माझ्याबद्दल गल्लीत सांगत, "आमच्या वयनीले वॉलच नाई." हा माणूस मी भाकरी करून वाढते तेव्हा असं बोलतो.

तीन वर्षांपूर्वी दुकान त्यांनी एका दिवसात पुतण्याच्या हाती दिलं. आम्हाला वाटलं, चला, पोराला मार्गी लावलं, आता हा माणूस घरात बसेल, पेपर वाचेल. तर ते रोज तलावावर. मग पुतण्याला काळजी. त्याचं म्हणणं खरं होतं. तलाव उथळ, उन्हाळ्यात पाणी छातीलाही लागत नाही, पण खाली गाळ आहे आणि गाळ मांडीपर्यंत धरून ठेवतो. त्यानं वडिलांना सांगितलं, बंद करा. भाऊजी म्हणाले, "दुकान देल्लं. तलाव नाई देत." आठ दिवस बापलेक बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना भाऊजींनी ताट सरकवून जाहीर केलं, "वयनीनं नाई म्हनलं तर आपल्या हातानं ट्यूब कापून टाकतो. दुसऱ्या कोनाचं मी आयकत नाई." म्हणजे पाहा. इतकी वर्षं माझं एक ऐकलं नाही, आणि ऐकायचं ठरवलं तर नेमकं हे.

पुतण्या मला मोठ्याई म्हणतो. म्हणाला, "मोठ्याई, तुमी एक वेळा सोताच्या डोयानं पाहा, अन् मंग सांगा. पन पाहून सांगा." होळी झाली होती. एका सकाळी त्यानं मला गाडीत घालून तलावावर नेलं, बाभळीखाली प्लास्टिकची खुर्ची मांडून दिली आणि टायर पोचवायला बार्शीटाकळीला गेला. दोन तासांनी येतो म्हणाला. माझ्या मांडीवर डबा होता आणि मनात 'नाही' तयार होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. भाऊजी, पुष्कळ झालं, आता देवाचं नाव घ्या, असं काहीतरी.

काठावर एक बाई जाळं सोडवत बसली होती. नाव सुगंधाबाई, धंदा मासोळीचा. हसू नका, मीही हसले नाही. तलाव तिच्या माणसांच्या ठेक्यात आहे. भाऊजींना ते गरी टाकू देतात, कारण त्यांच्या सगळ्यांच्या ट्यूबा भाऊजी फुकट जोडून देतात. ती म्हणाली, "तुमीच का वयनी? काका लय सांगतेत तुमचं." काय सांगतात ते मी विचारलं नाही. वॉलचंच असणार.

भाऊजी मला दाखवायला म्हणून दोन डाव्या स्लिपरांनी ऐटीत पाणी लोटत गेले. बेशरमीच्या झुडपापलीकडं, काठापासून हाकेच्या अंतरावर थांबले. गरी टाकली. आणि खरं सांगते, माझा राग थोडा उतरला. घरात हा माणूस एका जागी बसत नाही, बसला तर काही तरी तोडतो. इथं तो बगळ्यासारखा गप्प. थोड्या वेळानं दोरी ताणली, भाऊजींनी एक हातभर मागूर वर ओढला आणि मांडीवर घेतला. मागुराच्या कल्ल्याजवळ दोन्हीकडं काटे असतात, म्हणून त्याला आधी ओल्या पोत्यात धरायचं असतं. हा नियम भाऊजींनीच मला दहादा सांगितलेला. पोतं होतं त्यांच्या खांद्यावर. त्यांनी हात घातला तो भलतीकडंच, मासा उसळला, ट्यूबवर आपटला, आणि मग कसाबसा पोत्यात गेला. मला वाटलं, गडबड झाली असेल.

त्यानंतर बुडबुडे यायला लागले. भाऊजींच्या मागं, डाव्या अंगाला. बारीक बारीक, एकामागं एक, एकाच जागून. मी खुर्चीतून उठले.

"भाऊजी, मागं पाहा. बुडबुडे येऊन राहिले."

"आयकू येते मले. मागूर हाय. बोलू नका."

"मागूर नाही. ते तुमचेच आहेत."

"वयनी, मासोळी भेते. चूप राहा उलशीक."

आणि त्यांनी गरी उचलून आपल्याच बुडबुड्यांत टाकली. सुगंधाबाईनं जाळं खाली ठेवलं. ट्यूब डावीकडं कलली. भाऊजींनी पोतं उजव्या मांडीवर घेतलं, जणू सगळा दोष माशाच्या वजनाचा. मी काठावरून ओरडत होते, "अहो, मण्यांची माळ आहे ती, माळ," आणि पन्नास वर्षं पंक्चर काढलेला माणूस आपल्याच पंक्चरवर गरी टाकून मासा लागायची वाट पाहत हळूहळू खाली चालला होता. मला त्या क्षणी हसूही आलं, खोटं कशाला बोलू. मग पाणी त्यांच्या छातीला लागलं, ते उभे राहायला गेले आणि उभे राहता येईना. गाळानं पाय धरले होते. चेहऱ्यावरची ऐट गेली. त्यांनी काठाकडं पाहिलं. पण मी जिथं उभी होते तिथं नाही, माझ्या खुर्चीकडं. माझं हसू तिथंच थांबलं.

सुगंधाबाई तोपर्यंत आपली ट्यूब आणि लांब दोरी घेऊन पाण्यात उतरली होती. "काका, हलू नका. हलसान तं आनखी खाली जासान. दोरी धरा." दोरीचं एक टोक बाभळीला बांधलेलं, मधला भाग माझ्या हातात. मी काय ओढलं असेल ते देव जाणे, पण ओढलं. ती पलीकडून रेटत होती, मी काठावरून ओढत होते आणि भाऊजी मधे पोतं सोडायला तयार नव्हते. "अहो, टाका तो मासा." "हातचा कायले सोडू?" शेवटी ते, मासा, फुसकी झालेली ट्यूब, सगळं काठाला लागलं. एक स्लिपर गेली. माझीच गेली.

सुगंधाबाईनं त्यांच्या अंगावर आपलं कोरडं लुगडं टाकलं आणि चहा आणते म्हणून झोपडीकडं गेली. मी मात्र ट्यूब ओढून काठच्या पाण्यात दाबली. उरलेली हवा होती, माळ वर आली. "पाहा," मी म्हणाले. "हे काय आहे? मला कोणी शिकवलं होतं हे?"

भाऊजी वाकले. खूप वाकले. पाण्यावर नाक टेकेल इतके. मग त्यांनी ट्यूब माझ्या हातातून घेतली, वर उचलली आणि डोळे मिटून गालाजवळून फिरवली. अर्ध्या वळशावर थांबले आणि बरोबर काट्याच्या भोकावर बोट ठेवलं.

"गालाले वारा लागते," ते म्हणाले. "दिसत नाई, वयनी. बुडबुडे दिसतच नाई मले. दोन-तीन साल झाले."

वॉल नसलेली बाई, मी उगाच ट्यूबवरचा गाळ पुसत बसले. दुकानातले शेवटचे दिवस मला आठवले. भाऊजी पिंपाकडं न जाता ट्यूब गालाला लावून पंक्चर काढत, आणि गिऱ्हाइकं म्हणत, वा, काय हात बसलाय. आम्हीही कौतुक केलं होतं. आणि मग एका दिवसात दुकान पोराला. एका ट्रकच्या पुढच्या चाकाचं बारीक भोक त्यांच्या गालाला लागलं नव्हतं म्हणे. ड्रायव्हरलाच दिसलं, गाडी निघायच्या आधी. त्याच संध्याकाळी त्यांनी किल्ल्या पोरापुढं ठेवल्या होत्या.

"दवाखान्यात का नाही गेलात?"

"डाक्टर म्हनला असता, गेले डोये. मंग तलावबी गेला असता." मग भोकावरचं बोट न काढता म्हणाले, "पोराले सांगू नका. नाई म्हनाचं हाये तं नाई म्हना. मी ट्यूब कापतो. पन डोयाचं सांगू नका."

पुतण्या आला. बाप लुगडं पांघरून चहा पीत बसलेला पाहून म्हणाला, "हे काय?" भाऊजी म्हणाले, "आंघोय केली." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मोठ्याई, पाह्यलं ना डोयानं? काय ठरवलं?" माझा जुळवून ठेवलेला 'नाही' अगदी ओठावर होता, आणि आता तर त्याला कारणही चांगलं सापडलं होतं. मी म्हणाले, "मला आधी अमरावतीला जायचं आहे. चार दिवस. भाऊजी सोबत येतील. तोवर ट्यूब माझ्या खोलीत राहील, आणि तिला कोणी हात लावायचा नाही."

ट्यूब मी खाटेच्या डोक्याशी खुंटीला टांगली. सगळ्या खोलीला गाळाचा वास. अमरावतीला माझ्या भावाच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. भाऊजी तिथं खुर्चीत बसल्यावर पहिल्या ओळीतली अक्षरं वाचायच्या ऐवजी डॉक्टरांनाच विचारायला लागले, तुमच्या गाडीचं टायर कोन्या कंपनीचं. डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, तो काढता येईल. डाव्यात काचबिंदू, गेलेलं गेलं, राहिलेलं थेंब टाकून सांभाळायचं. ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "वयनी, तुमी गंज म्हाताऱ्या झाल्या." उजवा डोळा बरा आला एकूण. पण पाण्यावरच्या उन्हात त्याला बारीक काही दिसत नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परतीच्या एस.टी.त वाटेतल्या थांब्यावर चहा पिताना कपातल्या फेसाकडं ते बराच वेळ पाहत होते. तेवढ्यावरून मला कळलं.

घरी आल्यावर पुतण्याला डोळ्यांचं मीच सांगितलं. तलाव ठेवायचा तर ते लपवून चाललं नसतं. भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुतण्यानं जेवताना विचारलं, "मंग, मोठ्याई? ट्यूब कापाची ना?" भाऊजींनी भाकरीचा घास तसाच हातात धरला.

मी म्हणाले, "जातील. हाकेच्या आत. कमरेला दोरी, दोरीचं टोक काठावर. आणि मी बरोबर."

"तुमी? तुमी काय कराल तिथं?"

"बुडबुडे पाहीन."

पुतण्यानं कपाळाला हात लावला. "एक होता, आता दोन झाले," म्हणाला आणि उठला. भाऊजी तोंडात घास टाकून म्हणाले, "भाजीत मीठ नाई." दोन दिवसांनंतरचे हे त्यांचे पहिले शब्द.

तेव्हापासून आठवड्यातून दोन सकाळी मी त्या बाभळीखाली बसते. गुडघे दुखतात, बेशरमीच्या झुडपातले डास चावतात, सुगंधाबाईचा चहा पाकासारखा गोड असतो. दोरीचं टोक खुर्चीच्या पायाला बांधलेलं, एक वेढा माझ्या मनगटाला. भाऊजी तिकडून विचारतात, "वयनी, कोनाचा?" मी पाहते आणि सांगते. "मासोळीचा, उजवीकडं." किंवा "तुमचा. वापस या." वापस आले की ट्यूब गालाला लावून भोक शोधतात, ठिगळ मारतात, थेंब टाकून घेताना "वयनी, वॉल टाइट करा, गालावर सांडून राहिला" म्हणून मलाच रागावतात, आणि पुन्हा जातात.

कधी कधी तलाव अगदी गप्प असतो. तासभर एक बुडबुडा येत नाही. ऊन चढतं. भाऊजी पाठमोरे बसलेले, टोपी मागं सरकलेली, आणि मला नाल्यात टोपली घेऊन उभं असलेलं ते पोर आठवतं. मग तिकडून आवाज येतो, हळू, मासोळी भिऊ नये इतका. "वयनी, काही?"

मी पाण्याकडं पाहते. पाणी आरशासारखं.

"हाय," मी म्हणते. "मोठा हाय. जरासा डावीकडं."

भाऊजी गरी उचलतात, डावीकडं टाकतात आणि वाट पाहतात.